अरुणोदय : बेळगावच्या एका मुलाची साक्ष



गेल्या पावसाळ्यात दृढीकरण संस्काराच्या वर्गात मी मुलांना एक गृहपाठ दिला होता. 'प्रभू येशूने माझ्यासाठी काय केले, हे एका पानात लिहून आणा.' पुढच्या रविवारी बहुतेकांनी पाने आणली. कोणाच्या आजीचे ऑपरेशन नीट पार पडले होते, कोणाचे दहावीचे गणित सुटले होते, कोणाच्या बाबांची नोकरी जाता जाता राहिली होती. एका मुलाने मात्र कोरी वही पुढे केली.

"टीचर, माझ्याकडे साक्षच नाही," तो म्हणाला. "मी जन्मापासून ख्रिस्ती. मी दारू सोडली नाही, मला मोठा आजार झाला नाही, माझ्या स्वप्नात कोणी आले नाही. मी काय लिहू?"

वर्ग हसला. मीही हसले. पण घरी परतताना त्याचा प्रश्न डोक्यातून जाईना. कारण तो प्रश्न माझाही आहे. प्रार्थनासभेत कोणी उभे राहून आपला पालट सांगू लागले की मी भारावून ऐकते, आणि मनात कुठेतरी म्हणते, आपल्यापाशी असे सांगण्यासारखे काय आहे? शिवाय एकदा तरुणपणी मी साक्ष दिली होती, तिची आठवण आजही बोचते. ती गोष्ट शेवटी सांगेन. आधी आपल्याच गावच्या एका माणसाविषयी.

बी. ए.ला मराठी साहित्याच्या इतिहासात एक नाव यायचे, बाबा पद्मनजी. 'यमुनापर्यटन' या १८५७ सालच्या पुस्तकाचे लेखक. विधवांच्या दुःखावर लिहिलेली ही मराठीतली आरंभीची कादंबरी, एवढे परीक्षेपुरते आम्ही पाठ केले. हा माणूस आपल्या बेळगावचा, इथेच जन्मला, आणि त्याचा बाप्तिस्माही इथेच झाला, हे मला फार उशिरा कळले. ते आपल्या कॅथलिक परंपरेतले नव्हते. पण साक्ष कशी द्यावी हे शिकायचे तर त्यांच्या दारात जायला आपण संकोचू नये.

कासाराच्या घरातला मुलगा

बाबांचा जन्म १८३१ सालचा, कासार समाजातल्या एका धर्मनिष्ठ कुटुंबातला. व्रते, उपवास, पोथ्या, देवपूजा यांत त्यांचे बालपण गेले आणि लहानपणी ते हे सारे मनापासून करत.

तेव्हाचे बेळगाव बदलत होते. १८१८ साली हा मुलूख इंग्रजांकडे गेला, मागोमाग इथे लष्कराची छावणी आली. लंडन मिशनरी सोसायटीने १८२० साली इथे काम सुरू केले. पुढे १९०४ साली ते काम मेथडिस्ट मिशनकडे गेले, म्हणून आज आपल्या गावात मेथडिस्ट मंडळी आहे. या मिशनच्या शाळेत बाबा शिकायला गेले. इंग्रजी शिकले तर सरकारी नोकरी मिळेल, हा त्या काळच्या वडीलधाऱ्यांचा साधा हिशेब होता. त्या शाळेत पवित्र शास्त्रही शिकवत.

पुढे बाबा मुंबईला गेले आणि स्कॉटलंडच्या फ्री चर्चच्या शाळेत शिकू लागले. त्या दिवसांत मुंबईत धर्मांतर हा घराघरांत धास्तीचा विषय होता. १८३९ साली दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा शहर हादरले होते. १८४३ साली नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाचा बाप्तिस्मा झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपाद मिशनऱ्यांच्या घरी राहिला होता, त्याच्यासाठी वडिलांनी कोर्टाची पायरी चढली. कोर्टाने मुलगा वडिलांच्या ताब्यात दिला. मग त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे की नाही यावर मोठा वाद पेटला. 'दर्पण'कर्ते बाळशास्त्री जांभेकर त्याला परत घ्या म्हणून उभे राहिले, तर त्यांच्यावरच बहिष्काराची वेळ आली. एका कोवळ्या मुलाच्या विश्वासावरून दोन्हीकडची मोठी माणसे ओढाताण करत होती. अशा वातावरणात बाबा वाढले.

बंद दाराआडची सभा

त्याच मुंबईत १८४९ साली परमहंस सभा नावाची एक गुप्त मंडळी सुरू झाली. दादोबा पांडुरंग हे तिच्या संस्थापकांपैकी एक. जातिभेद मोडावा, एका देवाची प्रार्थना करावी, हा तिचा हेतू होता. सभासद होताना ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा, मुसलमानाच्या हातचे पाणी प्यायचे. पण हे सारे दार लावून. सभासदांची संख्या भरपूर वाढेपर्यंत बाहेर काही बोलायचे नाही, असा नेम होता. घरी गेल्यावर प्रत्येक जण पुन्हा आपल्या जातीच्या पंक्तीला बसे. पुढे १८६० च्या सुमारास सभासदांची यादी चोरीला गेली, नावे फुटण्याची भीती पसरली आणि सभा विस्कटली.

बाबा पद्मनजीही काही काळ या सभेत होते.

मला हा प्रसंग फार जवळचा वाटतो. ही माणसे खोटी नव्हती. जातीचा अन्याय त्यांना मनापासून कळला होता. त्यांच्या डोळ्यांपुढे म्हातारे आईवडील होते, लग्नाच्या बहिणी होत्या, वाळीत पडल्यावर बंद होणारी विहीर होती. पण आत एक आणि बाहेर एक असे किती दिवस जगता येते? निकदेम रात्री येशूकडे आला, तसे हे तरुण रात्री सत्याकडे येत. शुभवर्तमानकार योहान निकदेमाला दोष देत नाही. तो त्याला पुढे आणखी दोनदा आपल्यापुढे आणतो. एकदा तो सभेत येशूच्या बाजूने दबकत बोलतो आणि शेवटी क्रूसाजवळ उघडपणे सुगंधी द्रव्ये घेऊन येतो. एवढ्या वाटेला त्याला वेळ लागला.

बाबांनाही वेळ लागला. पवित्र शास्त्र मनाला पटले होते, पण पाऊल उचलत नव्हते. आपल्यामुळे घरच्यांचे काय होईल, ही भीती मोठी होती. अखेर ३ सप्टेंबर १८५४ रोजी, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तोही मुंबईत नव्हे, बेळगावात. दूरच्या शहरात हे उरकून घरी पत्राने कळवता आले असते. त्यांनी ते आपल्या माणसांच्या समोर, जन्मगावी केले.

त्याच्या चार वर्षे आधी, १८५० साली, सरकारने कायदा केला होता की धर्म बदलला म्हणून कोणाचा वारसाहक्क जाऊ नये. पण कायद्याने घराचा उंबरठा परत मिळत नाही. पंक्तीत पान मिळत नाही, आईच्या हातचा घास मिळत नाही. त्या काळी बाप्तिस्मा घेणाऱ्या मुलाला घरचे लोक मेला असे समजत. मुलगा नवा जन्म मिळाला म्हणत असे, आणि त्याच दिवशी त्याची आई मुलगा गेला म्हणून रडत असे. दोघांचेही अश्रू खरे होते.

पहाट एकदम होत नाही

बाप्तिस्म्यानंतर चौतीस वर्षांनी, १८८८ साली, बाबांनी आपली हकिकत छापली. नाव ठेवले 'अरुणोदय'. मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या छापील आत्मचरित्रांत तिची गणना होते. मधल्या काळात त्यांनी पाळक म्हणून सेवा केली, मासिके चालवली, शंभराहून अधिक लहानमोठी पुस्तके लिहिली. मोठेपणा सांगायला सामग्री भरपूर होती. पण पुस्तकाचा भर आहे तो लहानपणावर, शाळेवर, शंकांवर आणि बाप्तिस्म्यापर्यंतच्या वाटेवर. पुढची कर्तबगारी त्यात मिरवलेली नाही.

पुस्तकाच्या नावाकडे पाहा. अरुणोदय म्हणजे सूर्य उगवण्याआधीचा तो तांबूस उजेड. खानापूरच्या जंगलाकडून पहाटेची एसटी पकडणाऱ्यांना तो माहीत आहे. अंधार कधी संपला आणि उजेड कधी सुरू झाला, हे घड्याळ लावून सांगता येत नाही. आधी झाडाचा आकार दिसतो, मग फांद्या, मग पाने. बाबांनी आपला पालट असा सांगितला. घरातली पोथी, शाळेतला धडा, मित्राशी झालेला वाद, गुप्त सभेतली घुसमट, आजची शंका, उद्याची भीती. संत पौलाला दिमिष्काच्या वाटेवर एकाच क्षणी तेज दिसले आणि तो खाली पडला. आपण साक्ष म्हटले की तेच चित्र डोळ्यांपुढे आणतो. पण प्रभू सगळ्यांना विजेने गाठत नाही. पुष्कळांना तो पहाटेने गाठतो.

आणखी एक गोष्ट. आपण सोडून आलो त्या घरातल्या रीतिरिवाजांची, व्रतवैकल्यांची बाबांनी इतकी तपशीलवार नोंद केली आहे की त्या काळच्या मराठी घराचा अभ्यास करणारे लोकही हे पुस्तक वाचतात. त्या धर्माविषयी त्यांचे शब्द पुष्कळदा कठोर आहेत. ते त्या काळच्या मिशनच्या भाषेतले आहेत, आणि ते तसेच आपण आज उचलावेत असे मला वाटत नाही. पण आपण लहानपणी मनापासून देवभक्त होतो, हे त्यांनी लपवले नाही. 'मी आधी वाईट होतो, मग चांगला झालो' अशी सरळ रेघ त्यांनी ओढलेली नाही. देवाची ओढ आधीपासूनच होती, हे वाचणाऱ्याला दिसते.

साक्ष ही परकी रीत नव्हे

कोणी म्हणेल, आपली खाजगी गोष्ट चारचौघांत सांगणे ही पाश्चात्त्यांची चाल आहे. तसे नाही. आपल्या ख्रिस्तसभेत तिची मुळे जुनी आहेत. संत ऑगस्टीन यांचा स्नानसंस्कार ३८७ सालच्या ईस्टरला मिलान शहरात संत अॅम्ब्रोज यांच्या हातून झाला आणि सुमारे दहा वर्षांनी त्यांनी 'कन्फेशन्स' लिहायला घेतले. त्यात ते वाचकाशी कमी आणि देवाशी जास्त बोलतात. आपण ते बोलणे शेजारी उभे राहून ऐकतो.

आणि आपल्या मराठी मातीतही ही रीत होतीच. तुकोबांनी दुष्काळ, दिवाळे, पत्नीचा मृत्यू हे सगळे अभंगांत सांगितले. त्यांच्या शिष्या बहिणाबाईंनी नवऱ्याने केलेली मारहाणही आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत लपवली नाही. जिथे दुखले तिथे देव कसा भेटला, हे सांगण्याची भाषा मराठीला आधीच येत होती. बाबा पद्मनजींनी ती गद्यात आणली आणि तिच्यात येशूचे नाव लिहिले. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक उघड म्हणत की आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो.

पंडिता रमाबाई : बाप्तिस्म्यानंतरचा शोध

माझ्या वर्गातल्या त्या मुलासाठी दुसरी साक्ष पंडिता रमाबाईंची आहे. १८५८ साली जन्मलेल्या रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमधल्या वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला. तोवर त्यांनी दुष्काळात आईवडील गमावले होते, कलकत्त्यात भाऊ गमावला होता, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत नवरा गमावला होता. पदरात लहानगी मनोरमा होती.

१९०७ साली त्यांनी आपली साक्ष इंग्रजीत छापली. त्यात एक कबुली आहे, जी वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले. त्या सांगतात की बाप्तिस्म्याच्या वेळी मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो सापडायला आणखी आठ वर्षे लागली. तेव्हा त्या जगप्रसिद्ध होत्या. मुंबईत १८८९ साली त्यांनी शारदा सदन सुरू केले होते. लोक त्यांना ख्रिस्ती कार्यकर्ती म्हणून ओळखत, आणि त्या मात्र आतून कोरड्या होत्या. याच काळात हॅस्लॅम नावाच्या एका इंग्रज धर्मगुरूचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले. हे हॅस्लॅम अनेक वर्षे दुसऱ्यांना उपदेश करत होते आणि व्यासपीठावर उपदेश करता करता त्यांचा स्वतःचा पालट झाला! एका धर्मगुरूने आपले रितेपण प्रामाणिकपणे लिहिले, म्हणून एका विदुषीला आपले रितेपण ओळखता आले.

आपण धर्मशिक्षण देणाऱ्यांनी हे मनावर घ्यावे. जन्मापासून ख्रिस्ती असणाऱ्यालाही साक्ष असते. नाव आधी मिळते, ओळख नंतर होते. त्या दोन्हींमधली वाट हीच त्याची साक्ष.

रमाबाईंच्या साक्षीत मला आणखी एक गोष्ट दिसते. ती सुरू होते त्यांच्या आईवडिलांपासून. पत्नीला संस्कृत शिकवल्याबद्दल समाजाचा रोष पत्करणारे वडील अनंतशास्त्री, लेकीला पहाटे उठवून श्लोक शिकवणारी आई. दुष्काळात मरणाच्या दारात असलेल्या आंधळ्या वडिलांनी धाकट्या लेकीला जवळ घेतले आणि मी तुला देवाच्या हाती सोपवले आहे, त्याचीच हो, त्याचीच सेवा कर, असे सांगितले. ही आठवण रमाबाई आपल्या ख्रिस्ती साक्षीत जपून ठेवतात. वडील हिंदू शास्त्री होते म्हणून त्यांची प्रार्थना वाया गेली, असे त्या म्हणत नाहीत. देवाने ती ऐकली, असाच त्यांचा सूर आहे.

मागे राहिलेल्या बाईची साक्ष

आणि तिसरी साक्ष लक्ष्मीबाई टिळकांची. टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. त्याआधी एकदा आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन माणसाने त्यांना नवा करार दिला होता, ही गोष्ट आपण अनेकदा ऐकतो. टिळकांच्या बाजूने पाहिले तर ती फार सुंदर साक्ष आहे.

पण त्या दिवशी दुसऱ्या बाजूला काय झाले? नवरा ख्रिस्ती झाल्याची बातमी कळली तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले. सोवळ्याओवळ्यात वाढलेली, फारसे शिक्षण नसलेली, लहान मुलगा पदरी असलेली बाई. नवरा जिवंत, पण त्याच्याकडे जायचे म्हणजे जात, माहेर, सगळे सोडायचे. काही वर्षे त्या नातेवाइकांकडे राहिल्या. मग नवऱ्याजवळ गेल्या, तरी सुरुवातीला आपले सोवळे आणि आपली चूल त्यांनी वेगळी ठेवली. टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. हळूहळू त्यांच्या मनातली जातीची भिंत पडली, आणि १९०० साली त्यांनी आपल्या मनाने बाप्तिस्मा घेतला.

'स्मृतिचित्रे'चे भाग १९३४ सालापासून येऊ लागले. महाराष्ट्रातल्या सर्व धर्मांच्या लोकांनी हे पुस्तक डोक्यावर घेतले. का? लक्ष्मीबाई त्यात कुठे उपदेश करत नाहीत. टिळकांचा विसराळूपणा, हातचे पैसे कोणालाही देऊन टाकणे, त्यांचा राग, त्यांचे प्रेम, स्वतःची भोळी समजूत, स्वतःचा हट्ट, सगळे हसत हसत सांगतात. नवऱ्याला त्यांनी संत केले नाही आणि आपल्या जुन्या घरच्यांना राक्षस केले नाही. ज्यांनी त्यांना पडत्या काळात सांभाळले, त्या हिंदू नातलगांचे उपकार त्यांनी विसरले नाहीत. म्हणून त्यांच्या विश्वासावर विश्वास ठेवावासा वाटतो.

आपण पालटाच्या गोष्टी नेहमी बाहेर पडलेल्याच्या तोंडून ऐकतो. मागे दारात उभे राहिलेल्याची गोष्ट लक्ष्मीबाईंमुळे आपल्याला कळली.

माझी चूक

आता माझी गोष्ट सांगते.

माझ्या आजोबांनी स्वातंत्र्याच्या आधी स्नानसंस्कार घेतला. त्यांची थोरली बहीण सासरी, आपल्या धर्मात राहिली. आमच्या घरी ती पाणीही प्यायली नाही, असे आम्ही ऐकत मोठे झालो. मी बावीस वर्षांची असताना उपवासकाळातल्या एका प्रार्थनासभेत मला साक्ष द्यायला सांगितले. मी आजोबांची गोष्ट रंगवून सांगितली. अंधार, दगडाचे देव, कठोर मनाची बहीण आणि मग उजेड. टाळ्या पडल्या. शेवटच्या रांगेत त्या बहिणीची नात बसली होती. मीच तिला मैत्रीण म्हणून बोलावले होते. चहाला ती थांबली नाही.

दोन दिवसांनी मी तिच्या घरी गेले. ती भांडली नाही. एवढेच म्हणाली, "आजी तुमच्याकडे पाणी प्यायची नाही हे खरे. पण दर दिवाळीला फराळाचा डबा भावाला पाठवायची, तो गेल्यावरसुद्धा पाठवायची. आमच्या देव्हाऱ्यापुढे रोज त्याचे नाव घ्यायची. ते तू सांगितले नाहीस."

तो डबा मला माहीत होता. त्यातल्या करंज्या मी खाल्ल्या होत्या. गोष्ट उठावदार व्हावी म्हणून मी तो गाळला होता.

त्या दिवशी मला कळले की साक्षीत खोटे शब्दच असतात असे नाही, गाळलेल्या डब्यानेही साक्ष खोटी होते. न्यायालयात साक्षीदार सगळे खरे सांगण्याची शपथ घेतो. येशूचा साक्षीदार त्याहून कमी सांगून कसा चालेल? संत पेत्र आपल्या पहिल्या पत्रात (३:१५) सांगतो की तुमच्या आशेविषयी कोणी विचारले तर उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेने आणि आदराने. आपण पहिला भाग पाठ करतो आणि दुसरा विसरतो. आज जेव्हा शेजारीपाजारी आपल्याकडे थोड्या संशयाने पाहतात, तेव्हा तर हा दुसरा भाग अधिकच लागतो. साक्ष ही कोणाला ओढून आणण्याची दोरी नाही. पोप सहावे पॉल यांनी १९७५ साली शुभवर्तमान प्रचारावरच्या आपल्या पत्रात म्हटले होते की आजचा माणूस शिक्षकांपेक्षा साक्षीदारांचे अधिक ऐकतो. मी वर्गात फळ्यासमोर उभी राहते तेव्हा हे आठवते, आणि थोडी भीतीही वाटते.

शोमरोनी स्त्रीची गोष्ट (योहान ४) आठवा. इंग्लंडमध्ये पतित म्हटलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या सिस्टरांचे काम पाहिल्यावर रमाबाईंना हीच गोष्ट वाचून दाखवण्यात आली होती. ती बाई घागर विहिरीवर टाकून गावात धावली. तिने कोणाला शास्त्र शिकवले नाही. आपल्याला जो भेटला त्याच्याविषयी सांगितले, आणि हाच ख्रिस्त असेल का, असा प्रश्न गावापुढे ठेवला. लोक स्वतः येशूकडे गेले. शेवटी ते तिला म्हणाले की आता आम्ही तुझ्या सांगण्यावरून नव्हे, तर स्वतः ऐकून विश्वास ठेवतो. मला वाटते, तिला त्याचे वाईट वाटले नसेल. तिचे काम तिथे पूर्ण झाले.

कोऱ्या वहीतले चार ओळी

पुढच्या वर्गात मी मुलांना बाबा पद्मनजींची गोष्ट सांगितली. त्या कोऱ्या वहीच्या मुलाला म्हटले, "तुझ्याकडे वीज नाही तर नसू दे. पहाट शोध. कोणाच्या तोंडी तू पहिल्यांदा येशूचे नाव ऐकलेस, तेवढेच लिही. आणि काही गाळू नकोस."

तिसऱ्या रविवारी त्याने वही दिली. चारच ओळी होत्या. त्याच्या परवानगीने, नाव न घेता, माझ्या शब्दांत सांगते. रात्री आई जपमाळ म्हणते तेव्हा तो झोपल्याचे सोंग करतो. जपमाळेच्या शेवटी आई त्याचे नाव घेते. तेव्हा तो जागा असतो. हे त्याने आईला अजून सांगितलेले नाही.

बंधुभगिनींनो, ही साक्ष नव्हे तर काय? या आठवड्यात तुम्हीही एक कागद घ्या. तुमच्या विश्वासाची पहाट कधी आणि कोणामुळे झाली ते लिहा. त्यात तुमच्या शंका लिहा, उशीर लिहा. तुमच्यासाठी ज्यांनी सोसले आणि जे तुमच्यासोबत आले नाहीत, त्यांचीही नावे लिहा. मग तो कागद घरातल्या एका माणसाला वाचून दाखवा.

आपण प्रार्थना करू या :

हे प्रभू येशू, तू निकदेमाची रात्र जाणतोस आणि शोमरोनी बाईची दुपारही जाणतोस. आमच्या मुलांना त्यांची पहाट ओळखू दे. आमच्या जिभेला खरे बोलायला शिकव. आम्ही तुझी गोष्ट सांगताना कोणाच्या आईचे, बहिणीचे, शेजाऱ्याचे मन आमच्या पायाखाली तुडवले जाऊ नये, एवढे आम्हांला सांभाळ. जिथे आम्ही दुखावले आहे, तिथे परत जाण्याचे धैर्य दे. आमेन.